विश्वासू गाडी पाहिजे

मी पिकअप बोलतेय. ट्रक नव्हे, टेम्पो नव्हे, पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि जन्मभर लोकांची बोलणी, एवढाच माझा संसार. मला बसायची सोय नाही, मी उभीच असते. तेव्हा तुम्हीही उभ्या उभ्या ऐका. चहाबिहा मिळणार नाही.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यातला. बाहेर पडले तेव्हा पांढरीशुभ्र होते. मालाची गाडी पांढरी रंगवायची ही अक्कल ज्या कुणाची असेल, त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. त्याला विचारेन, बाबा रे, तू शेणखत कधी पाहिलंयस का?

मला घरी आणलं ते उत्तरेश्वर नावाच्या माणसानं. मूळचा धाराशिवकडचा. तिकडे विहिरींनी तळ गाठला तसा बायको वेणूबाईला आणि कडेवरच्या लेकीला घेऊन पुण्यात आला. काही वर्षं दुसऱ्याच्या नर्सरीत राबला, मग मांजरीत भाड्याच्या जागेवर स्वतःची नर्सरी थाटली. मी आले तेव्हा लेक, राजनंदिनी, शाळेत जात होती. बॉनेटवर हळदीकुंकू झालं, पुढे नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. शेजारपाजारच्यांना पेढे वाटले. पोरगी हौद्यात चढून नाचली. मीही खूष होते. नवी होते ना, कळत काय होतं मला!

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण सगळी रड तिथूनच सुरू होते.

वेणूबाईची एक रीत होती. रोपं हौद्यात भरून झाली, ताडपत्री ओढायची तेवढी राहिली, की ती पाइप घेऊन यायची आणि एकेका पिशवीत पाणी सोडायची. शिंपडायची नव्हे, सोडायची. पिशवीतली माती तुडुंब भरून खालच्या भोकांतून पाणी गळायला लागलं की मगच पुढची पिशवी. लहानपणी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली बाई ती. "आपल्या दारातनं कुणी कोरडं जायचं न्हाई," असं म्हणायची आणि प्रत्येक झाडावरून हात फिरवायची. बघणाऱ्याला वाटावं, लेकी सासरी निघाल्यात.

फार छान. अगदी डोळे भरून यावेत असं. पण ते पाणी वाहायचं कुणी? मी!

तहानलेली माती किती पाणी पिते आणि प्यायल्यावर किती जड होते, हे माझ्या पाट्यांना विचारा. पाटे म्हणजे चाकांवरच्या त्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर माझा सगळा भार असतो. गाडी भरताना पिशव्या हलक्या, म्हणून उत्तरेश्वर एकावर एक रचून ठासून भरायचा. मग वेणूबाई येऊन त्यांना पाणी पाजायची. मग मी मट्कन खाली बसायचे. तिकडे गिऱ्हाइकाच्या दारात उतरवताना त्याच पिशव्या धोंड्यासारख्या लागायच्या, तेव्हा हा गडी कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "वय झालं बगा आता." वय कसलं डोंबलाचं! पाणी होतं ते.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली कशी नाही? नर्सरीवाल्यांचा सगळा व्यवहार नगावर चालतो. मोगऱ्याच्या इतक्या पिशव्या, जास्वंदीच्या इतक्या, सोनचाफे इतके. वजन हा शब्दच त्यांच्या तोंडात नाही. काकडी-टोमॅटोवाला काट्याशिवाय पाऊल टाकत नाही, पण झाड कुणी किलोवर घेतलंय का कधी? त्यामुळे माझ्या पाठीवर काय चढतंय ते या घरात कधी कुणी मोजलंच नाही.

मग पाटे तुटायला लागले. क्लचप्लेट जळायला लागली. हडपसरला बद्रीनाथ मेस्त्रीचं गॅरेज आहे, तिथं माझं माहेरपण सुरू झालं. पहिल्याच खेपेला बद्रीनाथनं खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय वाहतोस रे एवढं?"

"रोपं," उत्तरेश्वर म्हणाला.

"नुसती रोपं?"

"मग काय लोखंड हाय व्हय? पालाच की सगळा."

बद्रीनाथनं जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "मग गाडीच कच्ची निघाली तुझी."

मी कच्ची! त्या दिवशी हॉर्न माझ्या हातात असता तर अख्खं हडपसर जागं केलं असतं. एवढा जाणता मेस्त्री, पण भरताना गाडी बघायला मांजरीला एकदाही आला नाही. रिकामी झाल्यावर माझ्याखाली झोपायचा आणि वर बघून माझी निंदा करायचा. मग दर वेळी हेच. पाटा तुटला की मी कच्ची, क्लच गेला की मी कच्ची, रेडिएटर तापला तरी मीच. आमच्या घरात 'बेभरवशाची' या शब्दानं फक्त मलाच हाक मारायचे.

असं करता करता बारा वर्षं गेली. राजनंदिनी शिकून मोठी झाली आणि नर्सरीतच उभी राहिली. झाडांचे फोटो टाकून मोबाइलवरून गिऱ्हाइकं आणायची. बावधनच्या एका मोठ्या सोसायटीची पूर्ण बाग तिनंच मिळवली. आधी झाडं पोचवायची, लावून द्यायची आणि मग वर्षभर निगा राखायची, असं काम. तिथल्या सेक्रेटरी सुनीतीबाई. निवृत्त शिक्षिका. आवाज कधी चढत नाही, पण ऐकणारा खाली उतरतो.

आणि मी काय केलं? पहिल्या खेपेला चांदणी चौकाच्या चढावर क्लच जाळून बसले. दुसऱ्या खेपेला त्याच चढावर पाटा तुटला. मागे गाड्यांची रांग, प्रत्येकाचा हॉर्न, आणि हौद्यातून टपटप गळणारं पाणी! एक दुचाकीवाला जाता जाता ओरडला, "काका, गाडीला घाम फुटलाय!" कुणालाही, अगदी कुणालाही, त्या पाण्याकडे बघून काही सुचलं नाही. कर्म माझं.

सुनीतीबाईंचा फोन आला. उत्तरेश्वरानं स्पीकरवर घेतला.

"अहो, मी झाडं मागवली होती. आपलं आपण जंगल उगवेल याची वाट बघत नाहीये."

"बाई, गाडीनं दगा दिला."

"गेल्या वेळीही तिनंच दिला होता. तीन आठवडे देते, त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आणा. तिसऱ्यांदा कारण सांगायला फोन करू नका, कारणं माझ्याकडे शाळेतली भरपूर शिल्लक आहेत. आलात तर काम तुमचं. नाहीतर दुसरा नर्सरीवाला बघते."

त्यात उत्तरेश्वराची पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं उचलायचं नाही आणि गाडीही चालवायची नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला तर तो मला दोनदा ढकलून तिसऱ्या दिवशी पळाला. राहिली राजनंदिनी. लायसन्स तिच्याकडे होतं, हातही चांगला होता. पण बाप तिला एकटीला माझ्यात सोडायला तयार नाही.

"ही मधीच कुठं बसली तर पोरीनं काय रस्त्यावर हुबं ऱ्हायचं?" तो म्हणायचा. "विश्वासू गाडी येऊ दे. मग खुशाल घिऊन जा, म्या आडवत न्हाई."

झालं. विश्वासू गाडीचा शोध सुरू झाला. आणि देवा रे, काय तो शोध! पाहुणे, चहावाला, पेपर टाकणारा, खतवाला, जो येईल तो गाड्यांतला जाणकार. एक म्हणे डिझेलच घ्या. दुसरा म्हणे सीएनजी, पण सिलिंडरमागे जागा जाते. तिसरा म्हणे आता विजेवरची घ्या, रात्री वायर खोचा आणि झोपा. चौथ्याचं म्हणणं, जुनीच घ्या, नव्या गाड्यांत पत्रा राहिला नाही. ज्यानं आयुष्यात सायकल सोडून काही चालवलं नाही तो सगळ्यांत जास्त बोलायचा.

आणि या गाड्या बघायला जायचं कशात बसून? माझ्यात! माझ्या जागी कुणाला आणायची ते बघायला मलाच घेऊन जायचे. वर शोरूमच्या दारात मला उभी करून, माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "असली नको." माणसाला लाज नावाची गोष्ट असते असं ऐकून होते.

शोरूममध्ये शौनक नावाचा एक मुलगा होता. शर्ट खोचलेला, हातात टॅब.

"सर, लोड काय असतो आपला?"

"रोपं."

"ओके, म्हणजे लाइट लोड."

"लाइट न्हाई, फुल भरून."

"म्हणजे व्हॉल्यूम जास्त, वेट कमी. परफेक्ट सर, मग कुठलंही मॉडेल चालेल."

यावर उत्तरेश्वर गंभीरपणे मान हलवायचा आणि टायरला लाथ मारायचा. टायरला लाथ मारून कुणाला काय कळतं हे मला बारा वर्षांत समजलेलं नाही, पण गाडी बघायला आलेला प्रत्येक पुरुष ती मारतोच. मग चक्कर मारायची. रिकाम्या गाडीतून, एसी लावून, पुलापर्यंत जाऊन परत. "काय पळती!" म्हणून सगळे खूष. अहो, रिकामी गाडी पळाली त्यात कसलं कौतुक?

बाहेर उन्हात उभी राहून मी हे ऐकत होते आणि मला एकच दिसत होतं. यातली कुठलीही गाडी या घरात आली तरी दोन वर्षांत बद्रीनाथकडे पडणार, आणि तिलाही सगळे कच्चीच म्हणणार.

अशा वेळी उगवला गेनबामामा. वेणूबाईचा भाऊ. चांगला माणूस, पण सल्ला द्यायला बसला की उठत नाही.

"दाजी, बारक्या गाडीचा नादच सोडा," तो म्हणाला. "ट्रक घ्या, मोठा. माझ्या वळखीत एक हाय, ड्रायव्हर बी संगट देतो. सोमवारी जाऊन इसार दिऊ."

"आन् नंदीचं?"

"तिला खराडीच्या हापिसात लावू की. गार हवेत बसंल. पोरीनं काय जलमभर माती चिवडायची?"

राजनंदिनी तिथंच कलमं बांधत बसली होती. "मामा, मी इथेच आहे. ऐकू येतंय मला," ती म्हणाली. मग उठून बापासमोर येऊन उभी राहिली. "अप्पा, मला ऑफिस नकोय. मला झाडंच करायचीत. बावधनचं काम मी आणलं, गिऱ्हाईक मी सांभाळते. ट्रक आला की स्टिअरिंगवर तो ड्रायव्हर बसणार आणि मी खराडीला. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

उत्तरेश्वरानं मान खाली घातली. "तुजं काय चुकलं न्हाई गं. गाडीचं चुकतंय."

ऐका! पोरीचं आयुष्य निघालं होतं खराडीच्या हापिसात, आणि खापर माझ्या डोक्यावर. मला त्या दिवशी इतका राग आला की बॅटरी उतरली. खरंच उतरली. ते म्हणाले, "बगा, हे असं हाय."

शनिवार आला. बावधनची झाडं भरून झाली, आदल्या दोन्ही खेपांइतकीच. वेणूबाई पाइप घेऊन आली, कॉक फिरवला, आणि पाइपातून नुसती फुस्स हवा. बोअरची मोटर पहाटे जळली होती आणि टाकी कोरडी ठणठणीत.

"आज न्यायची न्हाईत," वेणूबाईनं जाहीर केलं.

"आई, सुनीतीबाई थांबायच्या नाहीत."

"मग म्या टँकर बलावते."

"टँकर येईपर्यंत दुपार होईल! काल संध्याकाळी पाणी दिलंय त्यांना, दोन-तीन तासांत काही मरत नाहीत."

"तान लागल्यावर कसं वाटतं ते तुला काय ठावं?" असं म्हणून वेणूबाई पायरीवर बसली आणि डोळ्याला पदर लावला. पण शनिवार शेवटचा होता. राजनंदिनीनं किल्ली घेतली. बाप शेजारी बसला. त्यानं पायाशी एक मोठा दगड घेतला होता. चढावर मी थांबले की पटकन उतरून चाकामागे लावायला. एवढा त्याचा माझ्यावर विश्वास.

आम्ही निघालो, आणि मला कळेनाच की हे काय चाललंय. मी हलकी होते! पाटे कुरकुरत नव्हते, क्लच घासत नव्हता. हडपसरच्या गर्दीतून, स्वारगेटवरून, पौड रस्त्यानं मी अशी निघाले की माझंच मला नवल वाटलं. राजनंदिनीनं दोनदा आरशातून मागे पाहिलं. तिला वाटलं, माल घरीच राहिला की काय. चांदणी चौकाचा चढ आला तसा उत्तरेश्वरानं दगड मांडीवर घेतला आणि देवाचं नाव घेतलं. मी चढले. न थांबता, न धापता, वरपर्यंत. तो दगड मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.

"अप्पा, ठेवा आता तो खाली," राजनंदिनी म्हणाली, "लोक बघतायत."

सोसायटीच्या फाटकात सुनीतीबाई उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "वेळेवर? आमच्याकडे याची तयारी नव्हती," त्या म्हणाल्या. मग झाडांकडे वळून, "ही जरा तहानलेली दिसताहेत."

राजनंदिनीनं लगेच झाडं उतरवून घेतली. उतरवायला बोलावलेली नेहमीची माणसं म्हणाली, "काय ताई, आज कापूस आणला का?" तिनं ऐकलं, पण घाईत सोडून दिलं. आईला शब्द दिल्यासारखी तिनं सोसायटीचा पाइप घेतला आणि निम्म्या पिशव्यांना पोटभर पाणी पाजलं. तेवढ्यात सुनीतीबाई म्हणाल्या, "हा चाफा इथे नको. तिकडे भिंतीशी."

राजनंदिनीनं वाकून पिशवी उचलायला हात घातला. पिशवी उचलेना. मघाशी याच पोरीनं ती एका हातानं उतरवली होती. तिनं पिशवी सोडली. शेजारची, अजून पाणी न दिलेली उचलली. ती आली वर. पुन्हा भिजलेली. पुन्हा कोरडी. सुनीतीबाई चष्म्यावरून बघत होत्या. "व्यायाम चाललाय का काम?"

"अप्पा, इकडे या. ही उचला."

"पाठ दुकती माजी."

"जरा नुसती तोलून बघा. आता ही. कळलं?"

उत्तरेश्वरानं दोन्ही पिशव्या हातानं तोलल्या. मग म्हणाला, "एका पिशवीनं काय हुतंय?" पण भिजलेली पिशवी त्यानं पुन्हा एकदा तोलून पाहिली.

एकीनं काही होत नाही हे खरंच. पण हौदाभर पिशव्या! रविवारी राजनंदिनीनं मला पुन्हा तेवढीच भरली आणि बापाला शेजारी बसवून रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेलं. आकडा बघितला. परत नर्सरीत आणून, मोटर दुरुस्त झाली होतीच, वेणूबाईच्या पद्धतीनं पाणी सोडलं आणि पुन्हा काट्यावर नेलं. काटेवाला चक्रावला. "ताई, मधे काय भरलंत?" "पाणी," ती म्हणाली. वाढलेलं वजन म्हणजे आमच्या घरची सगळी माणसं, गेनबामामाच्या घरची सगळी माणसं आणि वर गेनबामामा पुन्हा एकदा. एवढं ओझं मी बारा वर्षं रोज वाहिलं. आणि म्हणे पालाच की सगळा!

घरी आल्यावर उत्तरेश्वरानं बायकोला सगळं सांगितलं. तो रागावून बोलला नाही, पण मऊही बोलला नाही. वेणूबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी गाडी म्या मोडली? आन् तुमची पाठ बी म्याच मोडली?"

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. इतक्या वर्षांनी माझी बाजू निघाली होती. पण त्या बाईचं तोंड बघवेना. तिनं कुणाचं वाईट कधी चिंतलं होतं? तहानेला भ्यायलेली बाई ती, बाकी काही नाही. पोरगी आईच्या जवळ जाऊन बसली.

"आई, पाणी द्यायचंच. फक्त पोचल्यावर द्यायचं. तिथं नळ असतातच."

"तितं कोण देतंय माज्यासारकं? शिंपडून मोकळी हुतात."

"मग तू चल."

"म्या? गाडीत?"

"नाहीतर काय, गाडीच्या मागून?"

बारा वर्षांत वेणूबाई एकाही गिऱ्हाइकाच्या दारात गेली नव्हती. तिची झाडं कुठं जातात, कुणाच्या अंगणात लागतात, तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती नुसती फाटकातून हात हलवायची. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "तो चाफा कुटं लावला, बगता यील का?"

सोमवारी गेनबामामा इस्त्रीची कापडं घालून हजर. "चला दाजी, ट्रकवाला थांबलाय."

"थांबू दे," उत्तरेश्वर म्हणाला. "पोरगी चालवंल येवढीच गाडी घ्यायची."

"अवो पर परवा तर…"

"परवा मला वजन ठावं नव्हतं."

मग गाडीची निवड झाली ती अशी झाली, बघा. राजनंदिनीनं शौनकलाच मांजरीला बोलावलं, नवी पिकअप घेऊन. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर चिखल उडाला तरी तिनं गाडीत माल भरायला लावला आणि चांदणी चौकाच्या चढावर स्वतः चालवून पाहिली. मधेच थांबवली, पुन्हा उचलली. पाटे किती आहेत, कुठल्या वजनाला आहेत, सुटे भाग हडपसरला मिळतात का, बिघडली तर किती दिवस अडकवून ठेवाल, असं एकेक विचारलं. त्या पोराचा टॅब तापला. टायरला कुणी लाथ मारली नाही. एका दुपारी काम झालं. सगळे मिळून जे इतके दिवस करत होते ते!

आता माझं काय, असं विचारताय ना? एवढं कळल्यावर मला ठेवून घेतील असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण बद्रीनाथनं पुन्हा एकदा माझ्याखाली डोकं घातलं आणि सांगितलं, चेसिसच वाकलीय, रोजच्या कामाची आता राहिली नाही. त्याला सगळा प्रकार कळला होता. बाहेर येऊन हात पुसत तो म्हणाला, "भारी चिवट गाडी होती राव." होती! बारा वर्षांनी चांगला शब्द मिळाला, तोही भूतकाळात. बोअरची मोटर जळायची तर दहा वर्षं आधी जळायला तिला काय झालं होतं?

जुन्या गाड्या घेणाऱ्याकडे, उरुळीच्या बाजूला, मला पोचवायचं होतं. उत्तरेश्वर बरोबर यायला निघाला तर पाठीनं उठू दिलं नाही. वेणूबाई म्हणाली, "मग उद्या जावा. पोरगी येकलीच कशी जाईल? ह्या गाडीनं रस्त्यात दगा दिला तर?"

उत्तरेश्वर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "देत न्हाई ती. जाऊ दे."

राजनंदिनी दारात थबकली. तिनं बापाकडे पाहिलं, त्यानं भिंतीकडे तोंड केलं. पहिल्यांदा ती एकटी माझ्यात बसली. एकटी! मी तिला अशी नेली की कपात भरलेला चहा हिंदकळला नसता.

घेणाऱ्यानं माझ्याभोवती फेरी मारली. "रस्त्यात बंद पडते का?" त्यानं विचारलं.

"पडायची," राजनंदिनी म्हणाली. "चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही भलतंच ओझं घालत होतो. ज्याला विकाल त्याला हे सांगा."

"ताई, गाडी विकताना असं कुणी बोलतं का? भाव पडतो."

"पडू दे," ती म्हणाली. बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली, मग नाक पुसत रिक्षा शोधायला गेली.

तर सध्या माझा मुक्काम इथं, सहा-सात जुन्या गाड्यांच्या रांगेत. ऊन लागतं. माणसं येतात, काचेतून डोकावतात, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच, गाडी विश्वासू आहे का? माझी आता तक्रार उरलेली नाही. नाही, उरलीय. पण ती तुमच्याकडे नाही.

तुम्ही बराच वेळ उभे राहून ऐकलंत, तेव्हा एक विनंती करते. मला न्यायची असेल तर लांबच्या खेपांना नेऊ नका, वय झालंय, माझं खरंच झालंय. जवळची, हलकी कामं द्या. आणि हौद्यात काय घालणार आहात, ते आधी मला खरं खरं सांगा. मग बसा आणि किल्ली फिरवा. मी सुरू होईन.